जुनी फोर-व्हील गाडी : घरी काय करावे, उस्तादाकडे काय न्यावे

ऑक्टोबर २०१० मधली एक गोष्ट वाचक बंधूंना आठवत असेल. आपल्या शहरातील उद्योजक आणि व्यापारी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी एकाच सौद्यात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो सौदा होता आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत औरंगाबादचे नाव गाजले. त्या गाड्यांना २०२५ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाली. गाडी नवी असताना तिचा फोटो छापून येतो, जुनी झाल्यावर तिचे काय होते हे कोणी छापत नाही. आम्हाला त्याविषयी लिहायचे आहे, कारण अशा जुन्या गाड्या आता आमच्या-तुमच्यासारख्यांच्या दारात येऊ लागल्या आहेत.

मोठ्या माणसाने पाच-सात वर्षे वापरलेली पजेरो, एंडेव्हर किंवा फॉर्च्युनर दुसऱ्या हाती जाते, तिथून तिसऱ्या. वीस-पंचवीस लाखांची गाडी चार-पाच लाखांत मिळते म्हणून आपला कापडवाला, फर्निचरवाला, फळांचा अडत्या ती घेतो. घेताना एक गोष्ट तो विसरतो. गाडीची किंमत चार लाखांवर आली, तरी तिचे सुटे भाग वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यातही कंपनी निघून गेलेली असली तर पंचाईत आणखी. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. मित्सुबिशीची पजेरो आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्स तामिळनाडूत तिरुवल्लूरला जोडून विकत असे. ती कधीच बंद झाली, आणि खुद्द जपानमध्येही २०२१ मध्ये पजेरोचे उत्पादन संपले.

आमच्याकडे पजेरोच आहे, २००८ ची. आम्ही ती २०१३ मध्ये एका ठेकेदाराकडून घेतली. शहागंजच्या दुकानासाठी सुरत आणि मालेगावला जाणे-येणे असते. माल ट्रान्सपोर्टने येतो, गाडीत फक्त नमुने आणि माणसे. गाडी दणकट, बसायला ऐसपैस, खड्ड्यांची पर्वा नाही. सहा वर्षे आम्ही तिला डिझेल घातले, वेळेवर ऑइल बदलले आणि समजलो की आपले कर्तव्य झाले.

मे २०१९ मध्ये सुरतहून परत येत होतो. चाळीसगाव सोडून औट्रम घाट, ज्याला आपल्याकडे कन्नडचा घाट म्हणतात, तो चढत होतो. दुपारची वेळ, गाडीत पाच माणसे, एसी चालू. अर्ध्या घाटात उष्णतेचा काटा लाल रेषेकडे गेला. आम्हाला वाटले, आता घाट संपेल, वर गेल्यावर थांबू. तेवढे दोन-तीन किलोमीटर आम्हाला महाग पडले. वळणावर बोनेटमधून वाफ निघाली आणि इंजिनची ताकद गेली. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला क्लॅम्पजवळ चीर पडली होती आणि सगळे पाणी बाहेर गेले होते. पाइप गाडीबरोबर आलेला, म्हणजे अकरा वर्षांचा. त्याची किंमत त्या वेळी चारशे रुपये होती. पाणी नसताना इंजिन चालल्यामुळे हेड वाकले आणि त्याला तडा गेला. दुसरे हेड शोधणे, फेसिंग, गॅस्केट, मजुरी असे सगळे मिळून लाखाच्या वर खर्च झाला, आणि गाडी दीड महिना उभी राहिली. दोष गाडीचा नव्हता, कारागिराचाही नव्हता. सहा वर्षांत आम्ही त्या पाइपला एकदाही हात लावून पाहिला नव्हता. दुकानात आम्ही कापडाच्या प्रत्येक ताग्याचा काठ बोटाने चाचपून घेतो आणि स्वतःच्या गाडीचे बोनेट आम्हाला नीट उघडता येत नव्हते!

मालेगावचा लूमवाला पाळी सुरू होण्यापूर्वी तेलाची कुपी घेऊन लूमभोवती फिरतो. हिमरूचा कारागीर मागावर बसण्याआधी दोऱ्या ताणून पाहतो. त्याला कोणी मेकॅनिक म्हणत नाही. जुन्या गाडीचे घरचे काम इतकेच आहे. पाहणे, चाचपणे, पुसणे, भरणे आणि लिहून ठेवणे घरी करावे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक उघडणे हे उस्तादाचे काम आहे. ज्याला हा फरक कळला त्याला जुनी गाडी परवडते.

आता पाण्यापासून सुरुवात करू, कारण जुने डिझेल इंजिन मरते ते बहुधा पाण्यावाचून. इंजिनचा ब्लॉक लोखंडी आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगते. मर्यादेपलीकडे तापले की दोघांमधली गॅस्केट दबते, हेड वाकते, तडकते. म्हणून रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना ते पाहावे. नुसती बाजूची प्लॅस्टिकची बाटली पाहून समाधान मानू नये. झाकण खराब झाले किंवा पाइप फुटला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. गरम इंजिनचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, शंभर अंशांच्या वर गेले तरी ते उकळत नाही, आणि झाकण सैल होताच एकदम उसळून तोंडावर येते. असे भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड असते, हे चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून घरातल्या बायकांना माहीत आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट समप्रमाणात मिसळून भरावे. काहींना वाटते, आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? कूलंट गंज रोखते आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवते, आपल्याला त्यासाठीच ते हवे. दोन-तीन वर्षांनी ते बदलावे.

होज पाइप थंड असताना दाबून पाहावा. चांगला पाइप दाबल्यावर दबतो आणि परत येतो. कडक झाला, क्लॅम्पजवळ फुगला, वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला चिकट लागला तर त्याची सेवा संपली. चार-पाच वर्षांनी वरचा, खालचा आणि हीटरचे असे सगळे पाइप एकदम बदलावेत, तक्रार नसली तरी. रेडिएटरच्या पापुद्र्यांत धूळ आणि किडे अडकतात, आणि आमच्या धंद्यातल्यांच्या गाड्यांत सुताचे तंतूही. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळाच्या पाण्याने ते धुवावेत. जोराच्या प्रेशरने पापुद्रे वाकतात. अशा गाड्यांना बहुधा पट्ट्यावरचा मोठा पंखा असतो आणि त्याच्या मध्यभागी तेल भरलेला क्लच असतो. इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून पाहावा. तो किंचित जड फिरला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला आहे आणि घाटात पंखा पुरेशी हवा ओढणार नाही.

हेडची गॅस्केट जाऊ लागली की गाडी आधी सांगते. पाणी कमी होते पण खाली थेंब दिसत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस येतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. यातले एकही लक्षण दिसले तर पाणी घालून दिवस ढकलू नयेत, सरळ उस्तादाकडे जावे. आणि घाटात काटा चढू लागला तर आम्ही केली ती चूक करू नये. एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा (गरम होईल, सोसावे, हीटरही इंजिनची उष्णता ओढून घेतो), जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. पाणी शाबूत असेल तर इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावे म्हणजे पाणी फिरत राहते. वाफ निघत असेल, पाणी वाहून गेले असेल, तर तत्काळ बंद करावे.

ऑइलविषयी फार लिहीत नाही, बहुतेकांना ठाऊक आहे. डिझेल इंजिनचे ऑइल चार दिवसांत काळे होते, त्याने घाबरू नये. पातळी महत्त्वाची, ती सपाट जागी पाहावी. टर्बोची गाडी असेल तर लांबचा घाट चढून आल्यावर लगेच चावी काढू नये, मिनिट-दोन मिनिटे मंद चालू द्यावी. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. बदललेले जुने ऑइल गटारात ओतू नये. गटार शेवटी खाम नदीला मिळते आणि त्या नदीची आपण आधीच पुरेशी दुर्दशा केली आहे. डब्यात साठवून गॅरेजवाल्यामार्फत अधिकृत ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे.

आता चारही चाकांच्या यंत्रणेकडे येतो. साध्या गाडीपेक्षा ही गाडी वेगळी आहे ती इथे, आणि जास्तीत जास्त पैसे चुकीच्या निदानावर इथेच जातात. आमच्या गाडीत दुसऱ्या लिव्हरने चार चाके लावली की डॅशबोर्डवरचे पुढच्या चाकांचे दिवे नुसते लुकलुकत राहायचे. एका कारागिराने सांगितले, ट्रान्सफर केस उतरवावी लागेल, चाळीस हजार धरा. आम्ही हो म्हणणार होतो. तेवढ्यात चेलीपुऱ्यातील एका वयोवृद्ध उस्तादांनी बोनेट उघडून पाहिले. या पजेरोत पुढचा अॅक्सल जोडण्याचे काम व्हॅक्यूमने होते. इंजिनाजवळ दोन छोटे झडपवजा सोलेनॉइड असतात, त्यांना पेन्सिलीएवढ्या रबरी नळ्या जोडलेल्या असतात आणि त्या अॅक्सलवरच्या डबीपर्यंत जातात. एक नळी उष्णतेने वाळून टोकाला फाटली होती. उस्तादांनी डबीला स्वच्छ नळी लावली, तोंडाने हलकी हवा ओढली आणि जीभ लावून धरली. हवा टिकली, म्हणजे डबीचा पडदा चांगला होता. दोन हात नवी नळी आणली आणि दिवे स्थिर झाले. आम्ही मजुरी विचारली तर चहा मागवा म्हणाले. आम्ही त्यांना त्यांच्या वेळेची रास्त मजुरी दिली. ज्ञानाची मजुरी हाताच्या मजुरीपेक्षा कमी नसते, हे आपल्या समाजातील गिऱ्हाईकही विसरते आणि कारागीरही.

म्हणून दिवा लुकलुकला की आधी रबर, मग वायरचा जोड, मग सोलेनॉइड आणि सर्वांत शेवटी पेटी, या क्रमाने पाहावे. महिन्यातून एकदा चार चाके लावून पाच-सात किलोमीटर चालवावे. त्याने आतले तेल सगळीकडे पोहोचते आणि सील वाळत नाहीत. पण इथे सावधगिरी हवी. पजेरोच्या ४एच मध्ये मधला डिफरन्शियल मोकळा असतो, ती डांबरी रस्त्यावर चालते. त्याच्या पुढच्या, लॉकच्या खुणेच्या जागेवर मात्र डांबरावर नेऊ नये. आणि ज्या गाड्यांत असा मधला डिफरन्शियलच नाही, त्यांची चार चाके फक्त माती, चिखल किंवा वाळूतच लावावीत. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखी फिरत नाहीत, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, आणि सगळा पीळ गिअरच्या दात्यांवर येतो. गाडीचे पुस्तक नसेल तर मिळवून वाचावे.

डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे तेल घरी बदलता येते, पण एक नियम पाळावा. आधी वरचा भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, मगच खालचा उघडावा. खालून तेल काढून टाकले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलणार नाही. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर लागलेली बारीक करडी पूड ही झीज आहे, चिंता नको. तुकडे दिसले तर उस्तादाला दाखवावेत. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस गनने ताजे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे.

गाडीखाली जाण्याविषयी कडक शब्दांत लिहावे लागेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये, मग शरीराची गोष्टच दूर. सपाट, कडक जमीन, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि चेसिसखाली दोन लोखंडी घोड्या लावाव्यात. या गाड्या दोन टनांच्या आसपास असतात. शिवाय ज्यांच्या ट्रान्सफर लिव्हरला न्यूट्रल असते, त्यांत मुख्य गिअर लावलेला असला तरी गाडी घरंगळू शकते. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, मागचे चाक उचलले की त्याचाही भरवसा नाही. पुढच्या चाकांमागचे टॉर्शन बार प्रचंड पिळलेले असतात, त्यांच्या बोल्टला घरी पाना लावू नये. एअरबॅगच्या वायरींना आणि ब्रेकलाही नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, ते दोन वर्षांनी बदलून घ्यावे, पण जाणत्याकडून.

सुट्या भागांसाठी मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी आणि कश्मीरी गेट हे बाजार प्रसिद्ध आहेत. जुने दरवाजे, काचा, आरसे, गिअरबॉक्ससुद्धा तिथून घ्यायला हरकत नाही. रबर, पट्टे, सील, ब्रेकचा कोणताही भाग जुना घेऊ नये. जुना गिअरबॉक्स घेताना बिल घ्यावे, चोरीचा माल आपल्या गाडीत बसू नये. आणि एक गोष्ट आपल्या कारागीर बंधूंसाठी. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आणि शेंद्र्याला स्कोडाचा २००१ पासून आहे. त्यांच्यामुळे या शहरात लेथवर मिलीमीटरचा शंभरावा भाग मोजणारे हात तयार झाले. शेंद्र्यातच ऑडीच्या क्यू-५, क्यू-७ जोडल्या गेल्या. या महागड्या गाड्या आता म्हाताऱ्या होत आहेत. कंपनीचा भाग मिळत नाही तिथे बुश, ब्रॅकेट, पिन घडवून देणारा, रेडिएटर उकलून स्वच्छ करणारा, सीटचे चामडे हुबेहूब शिवणारा अशांना यात धंदा आहे. आमच्या पजेरोच्या मागच्या दाराचे बिजागर बाजारात मिळाले नाही. ते एका टर्नरने पितळी बुश घालून दिले आणि अजून करकरले नाही.

२०२३ मध्ये आमच्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपत आली, तेव्हा ती विकायची ठरवली. सिल्लोडकडचे एक बियाण्यांचे व्यापारी पाहायला आले. दलालाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, हेडचे काम झाल्याचे काढू नका, रंग आणि सीट पाहून घेतील. दलालाचे बोलणे बाजाराच्या रीतीप्रमाणे होते. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्या विक्रेत्याला विचारले, ही हकिकत आम्ही लहानपणी उर्दू शाळेत शिकलो आणि दुकानात मुलांनाही सांगत आलो. फिके पडलेले कापड घडीच्या आत घालून विकू नये हे आम्हाला पटते, मग तडकलेले हेड बोनेटच्या आत का घालावे? आम्ही त्यांना सगळे सांगितले, बिलांची वही पुढे ठेवली. त्यांनी वही पाहिली, आभार मानले आणि सव्वा लाख कमी करून भाव सांगितला. आम्हाला तो परवडला नाही. सौदा मोडला आणि गाडी आमच्याकडेच राहिली. दलाल अजून त्या गोष्टीवर हसतो.

मग नूतनीकरण केले. त्याची माहिती अशी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीला १०,००० आणि परदेशातून आयात केलेल्या मोटारीला ८०,००० रुपये ठरले आहेत. म्हणून तिसऱ्या हाताने आयात गाडी घेणाऱ्याने आधी नोंदणीपुस्तक पाहावे. आपल्याकडे जोडलेली गाडी आणि बाहेरून आलेली गाडी रस्त्यावर सारखीच दिसते. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल गाड्यांचा जो वाद चालला तो राजधानी परिसराचा आहे, तो सांगून कोणी तुमची गाडी मातीमोल मागत असेल तर फसू नये.

तपासणीला जाण्यापूर्वी आम्ही घरीच दोन रविवार घालवले. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट पाहिले, काचांवरची फिल्म काढली, हवेचा फिल्टर बदलला म्हणजे धूर कमी होतो, पीयूसी आणि विमा ताजा केला. चासी नंबरावरचा चिखल आणि गंज घासून तो वाचता येईल असा केला. आमच्या पुढच्या गाडीवाल्याला केवळ तेवढ्यासाठी परत पाठवले होते.

आमची मुदत २०२८ पर्यंत आहे. त्या वेळी गाडीला २० वर्षे होतील, म्हणजे दहा हजारांचा दर लागेल. वहीत लिहिल्याप्रमाणे २०१९ मध्ये घातलेले होज पाइप २०२३ मध्ये बदलले, आता पुन्हा येत्या उन्हाळ्याआधी बदलायचे आहेत. वरचा पाइप इथे मिळत नाही. कुर्ल्याच्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे, नवाच पाहिजे म्हणून.